भंडारदऱ्याला एक दिवस: वाटाड्यासोबत धरणाला वळसा

भंडारदऱ्याला जाणारे बहुतेक लोक धरणाच्या भिंतीपाशी फोटो काढतात, भजी खातात आणि परत फिरतात. खरा मुलूख धरणाच्या मागे आहे. शेंडी गावातून एक रस्ता जलाशयाच्या दक्षिण काठाने रतनवाडीला जातो, तिथून साम्रद, पुढे घाटघर आणि उत्तर काठाने पांजरे, मुरशेतवरून परत शेंडीला येतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा वळसा एका दिवसात आरामात होतो. त्यात हजारएक वर्षांचं देऊळ आहे, अभयारण्यातलं दाट जंगल आहे, सह्याद्रीला पडलेली एक अरुंद चीर आहे आणि शेवटी कोकणात तुटणारा कडा. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा दिवस कसा आखावा, ते माझ्या आजवरच्या फेऱ्यांवरून लिहितो आहे.

कधी जायचं

हा वळसा पूर्ण करायचा असेल तर डिसेंबर ते मार्च हे महिने धरा. आभाळ स्वच्छ असतं, सांदण दरीतलं पाणी ओसरलेलं असतं, सकाळी थंडी कडक पडते.

पावसाळ्यात हा भाग वेड लावतो, हे खरं. घाटघर-रतनवाडीला पावसाचे आकडे एवढे चढतात की वर्तमानपत्रं त्यांना नगरची चेरापुंजी म्हणतात. पण तेव्हा सांदण दरीत पाऊल टाकायचं नाही आणि घाटघरला जाऊनही धुक्यापलीकडे काही दिसेल याची खात्री नाही. धबधबे बघायला जायचं असेल तर तो वेगळा दिवस समजा. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला की पठारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो. सांदण सोडून बाकीचा वळसा तेव्हा फार सुंदर असतो.

मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे असतात. त्यासाठी शनिवार-रविवारी जाऊ नका, एवढंच कळकळीने सांगतो. गाड्यांच्या रांगा लागतात आणि हेडलाइटच्या उजेडात काजवे विझतात. नर-मादी एकमेकांना शोधतात ती त्या लुकलुकीवरच. आपण तिथे टॉर्च मारला की त्यांची ती बोलणीच तुटतात. आयुष्याचे थोडेच दिवस त्यांना पंख असतात, त्यातली एक रात्र आपल्या उजेडाने वाया घालवू नये.

कसं पोहोचायचं

मुंबईकरांनी कसारा घाट चढून इगतपुरीच्या पुढे घोटीला उजवीकडे वळायचं. तिथून बारीमार्गे शेंडी पस्तीसेक किलोमीटर. वाटेत बारी गावाच्या डोक्यावर कळसूबाई दिसते, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. नाशिककरांना सगळं मिळून सत्तरेक किलोमीटर पडतं, त्यांनी पहाटे निघून रात्री घरी यावं. पुणेकरांनी संगमनेर-अकोले-राजूर या रस्त्याने यावं. पुण्या-मुंबईहून मात्र आदल्या संध्याकाळी शेंडीत येऊन झोपा. सकाळी दहाला पोहोचून हा वळसा घाईत उरकलात, तर जंगलाची वेळ आधीच हातची गेलेली असते.

रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी किंवा कसारा स्टेशन सोयीचं. घोटीहून शेंडीसाठी एसटी आणि वडाप जीप मिळते, पण धरणामागच्या गावांत वाहनं थोडी आणि वेळा त्यांच्या सोयीच्या. दिवसभरासाठी शेंडीतूनच एक जीप ठरवलेली बरी.

गाडीत तेल घोटीला किंवा राजूरला भरून घ्या. रोख पैसे ठेवा. शेंडी सुटली की मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे यूपीआयच्या भरवशावर जेवायला बसू नका.

गाइड आधी, बाकी सगळं नंतर

आता मुख्य गोष्ट. सोबत गावातला माणूस घ्या. त्याला गाइड म्हणा, वाटाड्या म्हणा, पण घ्या.

मी हे अनुभवाने शिकलो. एका जुलैमध्ये आम्ही चौघे फोनवरच्या नकाशाच्या जोरावर रतनवाडीहून घाटघरकडे निघालो होतो. साम्रद जवळ आलं तसं धुकं इतकं उतरलं की गाडीचं बॉनेट धड दिसेना. रेंज गेली. बाजूच्या खाचरात प्लॅस्टिकची खोळ पांघरून एक मावशी भात लावत होत्या. त्यांनी आवणाची जुडी हातातच धरून आम्हाला थांबवलं. "पुढं जाऊ नका बाबा, ओढ्याला पानी आलंय. थांबा, पोराला धाडते." त्यांचा मुलगा अनवाणी गाडीपुढे चालत आला, ओढ्याशी उभा राहिला, पाणी कुठल्या दगडाच्या खाली उतरलं की गाडी घालायची ते त्याने दाखवलं आणि तासाभराने आम्हाला पार केलं. त्यानंतर मी त्या बाजूला गावच्या माणसाशिवाय फिरलेलो नाही.

इथल्या गावांत मुख्यतः महादेव कोळी समाज राहतो. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच समाजातले, याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. या डोंगरातली वाट न् वाट माहीत असलेले लोक म्हणूनच त्यांना इंग्रजांशी इतकी वर्षं झुंजता आलं. आजही ती माहिती याच घरांमध्ये आहे. भात काढून झाल्यावर घरटी एखादा तरी माणूस गाइडचं काम करतो.

गाइड ठरवताना तीन गोष्टी फोनवरच मोकळेपणाने बोलून घ्या. किती माणसं आणि किती तास. जेवण त्यांच्या घरी की कुठे. आणि सांदण दरीत किती आत जायचं. पैसे तेव्हाच ठरवा, नंतर घासाघीस नको. शेंडीतल्या हॉटेलवाल्याला विचारलं तर तो नंबर देतो, रतनवाडी किंवा साम्रदमध्ये थेट विचारलं तरी कुणीतरी तयार होतो. पाठीवर मोठी बॅग असली, सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असले तर तेही आधी सांगा, म्हणजे वाट त्या हिशेबाने निवडली जाते.

आमचे वाटाडे मामा साम्रदचे. ते सकाळी कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून रतनवाडीला देवळापाशी येऊन थांबतात आणि आम्ही शेंडीहून तिथे पोहोचतो.

सकाळी साडेसहा: शेंडीहून रतनवाडी

गावाबाहेर वनविभागाच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते. पुढचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेल्या. संध्याकाळी कितीपर्यंत बाहेर पडायचं हे नाक्यावरच विचारून घ्या. पावती दिवसभर जपून ठेवा, ती पुन्हा मागतात.

धरणाच्या भिंतीपाशी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. ११ टीएमसीचा, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाण्याचा, हा जलाशय खालच्या अकोले-संगमनेर-राहाता-श्रीरामपूर पट्ट्यातला ऊस पोसतो, हे इथे उभं राहून लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण या पाण्याखाली गेलेली जमीन वरच्या लोकांची होती.

मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता पाण्याच्या काठाने जातो. वळणं अरुंद आहेत, समोरून दूधवाला येतो, तेव्हा घाई नको. रतनवाडी जवळ येताच समोर रतनगड उभा राहतो आणि माथ्यावरचं नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, डोळ्यांत भरतं.

साडेसात: आधी जंगल

देऊळ समोर दिसतं म्हणून आधी तिथे शिरू नका. देऊळ कुठे जात नाही, जंगल मात्र नऊनंतर गप्प होतं. रतनवाडीतून रतनगडाची वाट प्रवरेच्या ओढ्याच्या कडेने झाडीत शिरते. गड चढायचा नाही, त्याला अख्खा दिवस लागतो आणि वर शिड्या आहेत. फक्त पाऊण तास आत जायचं आणि परत यायचं.

इथे नवख्यांची एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवतो. हे ताडोबा नाही. जिप्सीत बसून वाघ बघायचा, असं इथे काही नाही. बिबट्या आहे, भेकर आहे, रानडुक्कर, उदमांजर, तरस आहे, पण ते तुम्हाला बघतात, तुम्हाला दिसत नाहीत. इथे बघायच्या त्या खुणा. ओल्या मातीत उमटलेला दुभंगलेला छोटा खूर. झाडाच्या सालीवर नख्यांचे ओरखडे. उंबराखाली अर्धवट कुरतडून टाकलेली फळं. मामा पुढे चालतात, थांबतात आणि काहीच बोलत नाहीत, फक्त हनुवटीने दाखवतात.

एका डिसेंबरात त्यांनी असंच वर दाखवलं. जांभळाच्या शेंड्याकडे, फांदी जिथे बारीक होते तिथे, काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा गोळा होता. शेकरूचं घर. शेकरू अशी एकाहून जास्त घरटी बांधतो, आणि मुद्दाम बारीक फांदीवर बांधतो, म्हणजे जड जनावर तिथपर्यंत पोहोचत नाही. आम्ही वीस मिनिटं मान वर करून उभे राहिलो. मग बाजूच्या झाडावरून तपकिरी-लाल अंगाचा, लांब झुपकेदार शेपटीचा तो राज्यप्राणी एका उडीत पलीकडच्या फांदीवर गेला आणि पानं हलायची थांबायच्या आत दिसेनासा झाला. तेवढंच. पण ती उडी माझ्या मुलीने आजवर दहा वेळा कागदावर काढली आहे.

म्हणून चालताना बोलणं बंद, फोन सायलेंटवर, कपडे मळखाऊ रंगाचे. स्पीकरवर गाणी लावणारे इथेही भेटतात. त्यांना हात जोडून सांगावं. मी सांगतो.

झाडं ओळखायला मामांकडूनच शिका. ऐन, हिरडा, बेहडा, आंबा आणि खाली गच्च माजलेली कारवी. कोवळा हिरडा, ज्याला इथे बाळहिरडा म्हणतात, गोळा करून विकणं हा इथल्या घरांचा मोठा आधार आहे. त्यामुळे फांदी मोडू नका, ती कुणाच्या तरी घरची कमाई असते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तिच्या सरळ काठ्यांनी इथल्या कुडाच्या भिंती उभ्या राहतात.

साडेनऊ: अमृतेश्वर

आता देऊळ. बूट काढून आधी पूर्ण प्रदक्षिणा घाला, आत नंतर जा.

गावात कुणीही 'हेमाडपंती' असंच सांगेल. चुना-माती न वापरता दगडावर दगड बसवलेल्या सगळ्याच जुन्या देवळांना आपण तो शब्द लावतो. पण हेमाद्रीपंडित तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. हे देऊळ त्याच्याआधीचं. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे आणि हे त्यांतलं एक मानतात. प्रवरा रतनगडावरच उगम पावते, तेव्हा ती परंपरा इथे अगदी जुळते.

शिखराकडे नीट बघा. खालून वर चारी बाजूंनी नक्षीचे पट्टे चढत जातात आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा आहेत, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. अंबरनाथचं देऊळ पाहिलं असेल तर ओळख लगेच पटेल. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक कोरीव कडेची सावली पडते, म्हणूनच ही वेळ. बाराला सगळं सपाट दिसतं.

आत अंधार आहे. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं उभे राहा, टॉर्च लगेच लावू नका. हळूहळू खांबांवरचं आणि छतावरचं कोरीवकाम वर येतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. मामांना विचारा, ते त्या पाण्याची खूण भिंतीवर बोटाने दाखवतात.

देवळापासून चार पावलांवर पुष्करणी आहे. चौकोनी, पायऱ्यांची, आतल्या भिंतींत छोटी शिखरं असलेल्या देवळ्या आणि त्यांत मूर्ती. बरेच लोक ती न बघताच निघून जातात. काठावर बसा, पाण्यात बिस्किटाचा पुडा टाकू नका, दगडांवर चढून फोटो काढू नका. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, पण पाटी लावून दगड वाचत नाहीत.

हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. मला इथे ओढ्यात पाय सोडून बसलं की ते हमखास आठवतं.

चहा-पोहे देवळाबाहेर मिळतात. साडेदहा-अकराला निघा.

बारा: सांदण दरी

साम्रदपासून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की सपाट माळ एकाएकी चिरतो. सांद म्हणजे फट, आणि ही फट दोनशे-तीनशे फूट खोल आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांना भेग पडली आणि पाण्याने ती कोरत नेली. खाली कोकणात उतरेपर्यंत ती चालूच राहते.

बाराची वेळ मुद्दाम धरली आहे. दोन्ही भिंती इतक्या जवळ आहेत की ऊन तळाशी पोहोचतं ते दुपारी, तेही थोडा वेळ. एरवी आत गारवा आणि सांजेसारखा उजेड असतो.

नवख्यांनी पहिल्या पाण्याच्या डोहापर्यंत जावं आणि मागे फिरावं. पुढे आणखी एक डोह आहे, त्यापुढे दोर लावून उतरायचे टप्पे आहेत. ते तयारीने, दोर आणि जाणकार मंडळींसोबत करायचं काम आहे. डोहाचं पाणी डिसेंबरात कमरेपर्यंत असू शकतं, एप्रिलमध्ये घोट्याएवढं. किती आहे ते गाइडला सकाळीच माहीत असतं.

आत सगळीकडे पडलेले धोंडे आहेत, काही डुगडुगणारे. पकड असलेले बूट घाला, चपला-सँडल नको. आधी हात, मग पाय. भिंतीलगत थांबून जेवण मांडू नका, वरून दगड येतात. आणि आभाळात ढग जमले, अवेळी का होईना, तर वाद न घालता बाहेर निघायचं. वरच्या माळावर पडलेलं पाणी याच फटीत येतं आणि आत पळायला जागा नाही. एकदा मार्चमध्ये मामांनी आम्हाला तोंडापासूनच परत फिरवलं. ऊन होतं, आम्ही हिरमुसलो. अर्ध्या तासात गारा पडल्या.

अडीच: जेवण

जेवण साम्रदमध्येच, घरी. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, हुलग्याची आमटी, आणि आधी सांगितलं असेल तर गावठी कोंबडी. काळभात मिळतो का ते आवर्जून विचारा. काळसर टरफलाचा हा इथला जुना वाण, वासानेच भूक लागते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे वाण घरी जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. तुम्ही मागून खाल्लात तर लोक पेरतील, एवढा सरळ हिशेब आहे.

माणसं किती ते सकाळीच कळवलेलं असलं पाहिजे. चुलीवर वीस भाकऱ्या ऐन वेळी होत नाहीत.

साडेचार: घाटघर

साम्रदहून घाटघर जवळ आहे. वाटेत वीजप्रकल्पाचं वरचं धरण लागतं. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प रात्री खालचं पाणी वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो.

कोकणकड्यावर पोहोचलात की बोलणं आपोआप थांबतं. पायाखाली कोकण, उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग हे तीन बेलाग किल्ले, मागे रतनगड. वारा खालून वर येतो, टोपी घट्ट धरा. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका. गवत वाळलं की ते साबणासारखं निसटतं आणि कडा नेमका कुठे संपतो ते गवतातून कळत नाही.

सूर्य बुडेपर्यंत थांबा, पण बुडाल्यावर रेंगाळू नका.

परत निघताना

घाटघरहून उडदावणे, पांजरे, मुरशेतवरून शेंडीला जाणारा रस्ता सरळ समोर असतो आणि सगळे दमलेले असतात. तरी गाडी आधी साम्रदला मागे वळवा. तुमचा गाइड दिवसभर तुमच्यासोबत चालला आहे आणि या वेळी त्याला घरी जायला कुठलंही वाहन नाही. दहा-बारा किलोमीटरचा हेलपाटा पडतो, पण त्याला अंगणात सोडा, ठरलेले पैसे गाडीतच हातात द्या आणि तुमचा नंबर त्याच्याकडे असू द्या. जून लागला की मामा आम्हाला फोन करतात, ओढ्याला पाणी किती आलं ते सांगायला.

मग हेडलाइट खाली ठेवून सावकाश निघा. पांजऱ्याच्या पुढे रस्त्यावर ससे येतात.